रेल्वेचा तपासनीस विमान खात्यात

आमच्या घरात सध्या स्पर्धा परीक्षेचं वारं आहे. पुतण्याचा मुलगा राज्यसेवेची तयारी करतोय आणि सरावाच्या प्रश्नपत्रिका घेऊन अधूनमधून माझ्याकडे येतो. परवा आला तो वैतागूनच. "आजोबा, उत्तरसूची चुकीची छापलीय." प्रश्न होता, रेल्वे सुरक्षा आयोग कोणत्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो? पर्याय चार. रेल्वे, गृह, रस्ते वाहतूक आणि नागरी विमान वाहतूक. पोरानं अर्थातच रेल्वेवर खूण केली होती आणि उत्तरसूची म्हणत होती, नागरी विमान वाहतूक.

उत्तरसूची बरोबर आहे. रूळ, पूल, सिग्नल तपासणारा आणि अपघात झाला की चौकशी करणारा सरकारी अधिकारी विमान खात्याचा माणूस आहे. हे असं का, हे सांगायला बसलो तेव्हा दीड तास गेला आणि चहा दोनदा झाला. तेच इथे लिहून काढतो आहे. इतिहास शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे पाल्हाळ होणार हे गृहीत धरा.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. 'रेल्वे सुरक्षा दल' म्हणजे ते खाकी गणवेशातले, विनातिकीट आणि चोर पकडणारे. त्यांचा इथे संबंध नाही. मी म्हणतोय ते 'रेल्वे सुरक्षा आयुक्त'. हिंदीत सरकारने यासाठी 'संरक्षा' असा वेगळा शब्द घडवला, मराठी वर्तमानपत्रांनी मात्र दोन्हीकडे 'सुरक्षा'च ठेवला. त्यामुळे मराठी वाचकाला हे दोन लोक एकच वाटतात.

मांजरीत राहणाऱ्याला रेल्वे परकी नाही. पुण्याहून दौंडकडे निघालं की हडपसर, मग आमची मांजरी, पुढे लोणी, उरुळी. फाटक पडलं की द्राक्षांचे टेम्पो, उसाच्या बैलगाड्या, शाळेची पोरं सगळी एका रांगेत, हे चित्र मी कित्येक वर्षं पाहिलं. हा मार्ग साधासुधा नाही. मुंबईहून निघालेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने (जुने लोक जीआयपी म्हणत) १८५८ च्या जूनमध्ये खंडाळा ते पुणे मार्ग सुरू केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्याहून पुढे दिकसाळपर्यंत. म्हणजे सत्तावनच्या उठावाला दीड-दोन वर्षं होत नाहीत तोवर आमच्या गावाच्या शिवारातून आगगाडी जायला लागली. बोरघाट तेव्हा अजून व्हायचा होता. मुंबईहून आलेला उतारू खोपोलीला उतरे, पालखीत नाहीतर तट्टावर बसून घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसे.

ही कंपनी खासगी, तिचे भागधारक विलायतेत. १८४९ च्या करारानुसार त्यांच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची सरकारी हमी होती. धंदा चालला नाही तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायचा, म्हणजे पर्यायाने आमच्या पणजोबा-खापरपणजोबांच्या शेतसाऱ्यातून. आता ज्याला नफ्याची हमी आहे तो खर्चाला हात आखडणार नाही आणि कामावर डोळ्यात तेल घालून लक्षही ठेवणार नाही, हे सरकारलाही कळत होतं. म्हणून कंपनीच्या डोक्यावर सरकारने आपला एक माणूस बसवला, 'कन्सल्टिंग इंजिनिअर'. बहुधा लष्करातला अभियंता. नकाशे त्याने पाहायचे, खर्चाला मंजुरी त्याने द्यायची आणि त्याची तपासणी झाल्याशिवाय नवा मार्ग उघडायचा नाही. आपल्याकडच्या रेल्वेवरच्या सरकारी देखरेखीचं मूळ हे असं आहे. प्रवाशाच्या जिवाइतकीच, कदाचित जास्तच, काळजी तिजोरीची होती.

विलायतेत उगम थोडा वेगळा. १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गाच्या उद्घाटनाच्या दिवशीच हस्किसन नावाचा पार्लमेंटचा सभासद इंजिनाखाली सापडून मेला. १८४० मध्ये कायदा होऊन रेल्वे निरीक्षक नेमले गेले, तेही लष्करी अभियंतेच. सुरुवातीला त्यांच्या हातात दंडुका नव्हता, फक्त लेखणी होती. अपघाताचा अहवाल लिहायचा आणि तो छापून लोकांपुढे ठेवायचा. कंपन्या त्या छापील कागदाला बऱ्यापैकी भ्यायच्या. ही छापण्याची गोष्ट जरा लक्षात असू द्या, पुढे तिचं काम आहे.

आता बोरघाट. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते तो सुरू झाला. पंधरा-सोळा मैलांच्या अंतरात अठराशे फुटांहून अधिक चढ, पंचवीस बोगदे, काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट अशी चढण. ऐन भरात असताना चाळीस हजारांहून अधिक मजूर या कामावर होते. पटकीने आणि सुरुंगांनी किती गेले याचा हिशोब कुणी नीट ठेवला नाही. आधीच्या कंत्राटदाराने काम सोडल्यावर सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, कंत्राट आपल्या नावावर चालू ठेवून काम पुरं करून घेतलं. शाळेच्या पुस्तकात ही बाई कधी आली नाही. मी मात्र दरवर्षी सांगायचो आणि मुली तेवढ्यापुरत्या सरळ बसायच्या.

घाट सुरू झाला, कौतुक झालं, कंपनीच्या आणि सरकारच्याही अंगावर मूठभर मांस चढलं. आणि १८६७ च्या जुलैत, ऐन पावसात, घाटातला एक मोठा कमानींचा पूल कोसळला. इंग्रजी कागदपत्रांत त्याचं नाव 'मऊ-की-मल्ली' असं काहीसं येतं. आपल्याकडच्या कुठल्या नावाचा तो साहेबी अपभ्रंश झाला असेल याचा विचार मी बरेचदा करतो. आठ कमानींचा, दगडी, अवघ्या चार वर्षांचा पूल. मग इतर पुलांची तपासणी सुरू झाली आणि एकेक भानगड बाहेर यायला लागली. बाहेरून घडीव दगडाचा देखणा चेहरा, आत मात्र डबर आणि निकृष्ट चुना. जीआयपीच्या मार्गावरचे कितीतरी पूल पुन्हा दुरुस्त करावे नाहीतर नव्याने बांधावे लागले.

मला यात खरा प्रश्न वाटतो तो कंत्राटदाराचा नाही. कंत्राटदार कसा वागतो हे आपण मांजरीत काय आणि पुण्यात काय, रोज पाहतो. प्रश्न त्या कन्सल्टिंग इंजिनिअरचा आहे. कंपनीचे अभियंते होते, त्यांच्यावर सरकारचा माणूस होता, कागदावर एकाला दोन डोळे होते. मग चुना कुणीच कसा पाहिला नाही? माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर असं की, तपासणाऱ्याकडे दोन कामं होती, खर्च मंजूर करणं आणि बांधकाम पाहणं. दोन कामं एकाच माणसाला दिली की ज्याचा कागद वर जातो ते काम होतं आणि ज्यासाठी पावसात दरीत उतरावं लागतं ते राहतं. शाळा तपासनीसांचंही आम्ही हेच पाहत आलो. हजेरीपट, टाचणवही, शेरेबुक सगळं बारकाईने. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोराला वाचता येतं का, हे कधीमधीच.

विलायतेतही यापेक्षा फार वेगळं नव्हतं. स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल १८७८ मध्ये सरकारी निरीक्षकाने पास केला आणि १८७९ च्या डिसेंबरात वादळी रात्री गाडीसकट नदीत गेला. वाऱ्याच्या दाबाचा पुरेसा हिशोबच कुणी केला नव्हता. फरक इतकाच की तिथे चौकशी उघड झाली आणि निरीक्षकालाही उत्तरं द्यावी लागली.

यानंतरची पन्नास-साठ वर्षं भरभर सांगतो. सरकार स्वतःच रेल्वे बांधायला लागलं तसे हे कन्सल्टिंग इंजिनिअर 'सरकारी निरीक्षक' झाले. १८८३ मध्ये त्यांना कायद्यात जागा मिळाली, १८९० च्या रेल्वे कायद्याने अधिकार पक्के केले. नवा मार्ग प्रवाशांसाठी योग्य आहे की नाही ते ठरवणं, चालू मार्गाची वेळोवेळी तपासणी, आणि अपघात झाला तर चौकशी. १९०५ मध्ये रेल्वे बोर्ड आलं आणि निरीक्षक त्या बोर्डाच्या हाताखाली गेले. इथे गाडी चुकीच्या रुळावर गेली. जे बोर्ड रेल्वे चालवतं, इंजिनं विकत घेतं, पैसा वाचवतं, त्याच बोर्डाचा पगारी माणूस बोर्डाच्या चुका काढणार. परीक्षेचा पेपर ज्याने लिहिला त्याच्याच हाताखालच्या माणसाला तो तपासायला दिल्यासारखं झालं.

हे चालून गेलं ते १७ जुलै १९३७ पर्यंत. त्या दिवशी पाटण्याजवळ बिहटा इथे हावड्याकडे जाणारी एक्सप्रेस रुळावरून उतरली. शंभराहून अधिक माणसं मेली. गाडीला इंजिन होतं 'एक्सबी' नावाच्या जातीचं. ही इंजिनं १९२० च्या दशकात हिंदुस्थानसाठी विलायतेतून मोठ्या संख्येने मागवली होती. वेगात ती डावी-उजवीकडे झोल खात आणि रूळ वाकडे करत. ही तक्रार ती आल्यापासूनची. ड्रायव्हरांना ठाऊक होती, मार्गावरच्या इंजिनिअरांना ठाऊक होती, कागदोपत्री होती. तरी ती धावत होती. पुरेशी चाचणी न घेता घाऊक खरेदी झाली होती, आणि खरेदी करणारं बोर्ड तेच, ज्याच्या हाताखाली निरीक्षक.

चौकशी हायकोर्टाच्या न्यायाधीशाकडे गेली. त्यानंतर 'पॅसिफिक लोकोमोटिव्ह कमिटी' नेमली गेली. (पॅसिफिक हे त्या चाकांच्या रचनेच्या इंजिनांचं नाव, महासागराचा संबंध नाही.) कमिटीचा अध्यक्ष होता ब्रिटनच्या रेल्वे निरीक्षकांचा प्रमुख, माउंट. १९३९ मध्ये या कमिटीने इंजिनांबद्दल बरंच लिहिलं आणि जाता जाता निरीक्षकांच्या जागेबद्दलही लिहिलं, की हे लोक रेल्वे बोर्डापासून वेगळे हवेत. नवल म्हणजे बोर्डाचीही याला हरकत नव्हती. खरं तर १९३५ च्या कायद्यातच रेल्वे चालवणाऱ्यापासून स्वतंत्र अशी सुरक्षा यंत्रणा सांगितलेली होती, पण तो भाग अंमलात यायच्या आत महायुद्ध सुरू झालं.

१९४० च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती कायदेमंडळाने तत्त्व मान्य केलं. निरीक्षक रेल्वे बोर्डाखेरीज सरकारच्या दुसऱ्या कुठल्यातरी खात्याखाली असावेत. पण कुठल्या? नवं खातं काढायला युद्धाच्या धामधुमीत कुणाला सवड नव्हती. दळणवळणाशी संबंध असलेलं पण रेल्वे नसलेलं एक खातं होतं, 'पोस्ट आणि हवाई वाहतूक'. १९४१ च्या मे महिन्यात निरीक्षक तिथे नेऊन बसवले. पुढे खाती फुटली, जोडली, नावं बदलली. पण नियम असा पडला की विमान वाहतूक ज्या मंत्रालयाकडे जाईल त्याच्यामागे रेल्वेचे निरीक्षकही जातील. १९६१ च्या १ नोव्हेंबरला त्यांच्या संस्थेचं नाव 'कमिशन ऑफ रेल्वे सेफ्टी' झालं. मुख्य आयुक्तांचं कार्यालय लखनौला, आणि देशभर विभागवार आयुक्त. आपल्या मध्य रेल्वेचे आयुक्त मुंबईत बसतात.

तर उत्तरसूचीतल्या त्या पर्यायामागे बिहटाची शंभरावर माणसं आहेत. पोराला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हे स्पष्टीकरणात द्यायला पाहिजे होतं." मी म्हटलं, स्पष्टीकरणाला अडीच ओळींची जागा असते बाबा.

आयुक्त करतात काय, हे पुस्तकात वाचण्यापेक्षा मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून ऐकलं आहे. दहावीत इतिहासात जेमतेम पास झालेला हा मुलगा पुढे रेल्वेत गँगमन म्हणून लागला. आता त्यांना ट्रॅकमन म्हणतात. मग कीमन झाला. कीमन म्हणजे रोज आपल्या वाट्याचे काही किलोमीटर रूळ पायी तपासणारा. खांद्यावर हातोडा, पाना, झेंडी. क्लिपा सुटल्या असतील त्या ठोकायच्या, सांधे पाहायचे, थंडीत रूळ तडकतो त्याच्यावर नजर ठेवायची. त्याच्या बोलण्यात 'सीआरएस' हा शब्द असा येतो, जसा आमच्या बोलण्यात पूर्वी 'दीपोटी' यायचा. (दीपोटी म्हणजे डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर, तरुण वाचकांसाठी.)

"सर, सीआरएस येणार म्हटल्यावर महिनाभर आधी साहेब लोकांची झोप उडते." खडी सारखी होते, पाट्या रंगतात, जुनी कामं निघतात. मग साहेब मोटार ट्रॉलीने येतो, मध्येच उतरतो, पूल पाहतो, फाटकवाल्याला विचारतो की सिग्नल बिघडला तर तू काय करशील. नवा मार्ग असेल तर शेवटी पूर्ण वेगाने गाडी पळवून पाहतात आणि मग परवानगी येते, कधी अटी घालून. आमच्या पुणे-दौंड मार्गाचं विद्युतीकरण झालं तेव्हाही याच परवानगीचं गाडं पुढे सरकण्याची वाट सगळे पाहत होते. २०१७ च्या मार्चमध्ये दौंडची डेमू सुरू झाली ती मात्र डिझेलवरची. वर तारा आणि खाली डिझेल, यावर गावात बरेच विनोद झाले. मेट्रोलाही हाच नियम आहे, फक्त तिथे मेट्रोसाठी वेगळा आयुक्त असतो. २०२२ च्या मार्चमध्ये पुणे मेट्रो सुरू झाली तीसुद्धा त्याच्या सहीनंतर.

मी त्या मुलाला विचारलं, साहेबाला खरं सांगता का? तो हसला. "विचारलं तर सांगतो सर. पण शेजारी आमचे साहेब उभे असतात ना." दरीत कोण उतरतो, हा बोरघाटचा प्रश्न मला इथे पुन्हा दिसला.

आता या व्यवस्थेच्या मर्यादा. पहिली, आयुक्त विमान खात्यात असले तरी ते येतात रेल्वेच्याच अधिकाऱ्यांतून. रेल्वे जाणणारा माणूस दुसरीकडून आणायचा कुठून, हेही खरंच. दुसरी, अपघातानंतर ते ज्या शिफारशी करतात त्या शिफारशीच असतात. मानायच्या की नाही हे रेल्वे ठरवते. तिसरी, विलायतेतल्यासारखे त्यांचे अहवाल आपोआप छापून लोकांपुढे येत नाहीत. मघाशी म्हटलं होतं ना, छापण्याची गोष्ट लक्षात ठेवा म्हणून.

अपघात झाला की आपल्याकडे चर्चा मंत्र्याच्या राजीनाम्याची होते. १९५६ च्या नोव्हेंबरात अरियलूरच्या अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला, तो आदराने आठवावा असाच. पण त्यामुळे आपल्याला एक सवय लागली. मंत्री गेला की नैतिकतेचं समाधान होतं आणि पुलाखालचं पाणी कसं वाहून जातं हा विषय मागे पडतो.

कोकण रेल्वेचं उदाहरण घ्या. १९९८ च्या जानेवारीत पूर्ण मार्ग सुरू झाला. आमचे कोकणातले व्याही त्या वेळी पेढे घेऊन आले होते. मधु दंडवत्यांपासून किती जणांनी त्यासाठी घसा कोरडा केला होता! २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईकडे येणारी सुट्टीतली खास गाडी रुळावर आलेल्या दरडीवर आदळली. पन्नासच्या वर माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसची तीच गत झाली. पुन्हा पहिलाच पाऊस, पुन्हा दरड. त्यानंतर डोंगरांचे उतार कमी करणं, जाळ्या, पावसात रात्रंदिवस गस्त, आणि पावसाळ्याचं वेगळं, कमी वेगाचं वेळापत्रक. आज कोकणात जाणारा माणूस पावसाळी वेळापत्रकाला कंटाळतो. त्या उशिराच्या तासा-दोन तासांचं मूळ या दोन अपघातांत आहे.

कायमस्वरूपी तोड काय, यावर समित्या पुष्कळ झाल्या. कुंझरू, वांछू, सिक्री, खन्ना, सगळ्या अभ्यासू माणसांच्या. आपल्याला जवळची वाटावी अशी समिती डॉ. अनिल काकोडकरांची. अणुऊर्जेतला हा माणूस रेल्वेकडे कसा वळला असं वाटेल. पण 'चालवणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा' हा वाद अणुऊर्जा खात्यातही जुनाच आहे. २०११ मध्ये समिती नेमली, फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल आला. अहवाल स्पष्ट आहे. नियम करणं, गाड्या चालवणं आणि नियम पाळले जातात का ते पाहणं, ही तिन्ही कामं रेल्वे बोर्डाकडेच आहेत आणि रोजच्या कारभारात सुरक्षा आयुक्तांना जवळजवळ स्थान नाही. म्हणून स्वतंत्र, कायद्याने स्थापलेलं 'रेल्वे सुरक्षा प्राधिकरण' हवं. शिवाय पाच वर्षांत एक लाख कोटी रुपये खर्चून फाटकं संपवणं, सिग्नल सुधारणं, चांगले डबे.

रेल्वेमंत्री होते दिनेश त्रिवेदी. १४ मार्च २०१२ च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्यांनी प्राधिकरणाची कल्पना मान्य केली आणि सुरक्षेला पैसा हवा म्हणून भाडं थोडं वाढवलं. भाडेवाढीवरून त्यांचाच पक्ष त्यांच्यावर उलटला आणि आठवड्याच्या आत त्यांना पद सोडावं लागलं. अपघातानंतर राजीनामा दिलेले मंत्री लोकांच्या लक्षात राहतात. अपघात टाळण्यासाठी पैसे मागून पद गमावलेला मंत्री मला तरी दुसरा आठवत नाही.

काही गोष्टी झाल्या, तेही सांगितलं पाहिजे. २०१७-१८ च्या अर्थसंकल्पात सुरक्षेसाठी एक लाख कोटींचा वेगळा कोश आला, रेल्वेमंत्री तेव्हा आपले सुरेश प्रभू. २०१९ च्या जानेवारीअखेर ब्रॉडगेजवरची बिनमाणसाची फाटकं संपली. ही मोठी गोष्ट आहे. मी माझ्या हयातीत अशा फाटकांवरच्या बातम्या इतक्या वाचल्या आहेत की त्या आता येत नाहीत हे जाणवतं. प्राधिकरण मात्र नाही आलं. २०१५ मध्ये बिबेक देबरॉय समितीनेही स्वतंत्र नियामक मागितला होता.

मग २ जून २०२३. ओडिशात बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्सप्रेस सरळ जायची ती बाजूच्या लूपवर वळली, उभ्या मालगाडीवर आदळली, आणि पलीकडून येणारी गाडी तिच्या डब्यांवर. २९० हून अधिक मृत्यू. चौकशी आयुक्तांनी केली. संसदेत सांगितलं गेलं ते असं की, सिग्नलच्या जोडणीत पूर्वी केलेल्या बदलात चूक राहिली होती आणि त्या दिवशी जवळच्या फाटकाचं काम करताना जोडणी आणखी चुकली. आयुक्तांनी अजून एक गोष्ट नोंदवली. वर्षभर आधी त्याच खरगपूर विभागात दुसऱ्या एका स्टेशनात चुकीच्या वायरिंगचा प्रसंग घडला होता. तेव्हा धडा घेतला असता तर हे टळलं असतं. बिहटाच्या इंजिनासारखंच हे. ठाऊक होतं, कागदावर होतं. पूर्ण अहवाल सरकारने स्वतःहून लोकांपुढे ठेवला नाही. जे कळलं ते संसदेतल्या उत्तरांतून आणि वर्तमानपत्रांनी मिळवलेल्या पानांतून.

२०२५ च्या मार्चमध्ये संसदेने रेल्वे कायद्यात दुरुस्ती मंजूर केली. १९०५ चा बोर्डाचा जुना कायदा रद्द होऊन बोर्डाला १९८९ च्या रेल्वे कायद्यातच जागा मिळाली. एकशेवीस वर्षांनी बोर्डाचा कायदा उघडला होता. स्वतंत्र नियामकाची मागणी त्या वेळीही निघाली, पण कायद्यात तो आला नाही.

राहिला मुंबईचा विषय, आणि तो मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण आमच्या घरची तीन माणसं रोज लोकलने जातात. काकोडकर समितीने लिहिलं होतं की देशात रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे १५ हजार माणसं मरतात आणि त्यातली सहा हजारांच्या आसपास एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गावर. समितीने त्याला हत्याकांड म्हटलं, एवढा कडक शब्द सरकारी अहवालात सहसा येत नाही. सरकते जिने, पादचारी पूल, रुळांकडेच्या भिंती यांनी मुंबईचा आकडा पुष्कळ खाली आला. लोकलच्या गर्दीतून पडणारे धरूनही अलीकडच्या वर्षांत तो अडीच हजारांच्या आसपास आहे. म्हणजे रोज सहा-सात. पण हे मृत्यू 'रेल्वे अपघात' नव्हेत. कायद्याच्या भाषेत गाडीला अपघात झालेला नाही. गाडी शाबूत आहे, रूळ शाबूत आहेत, फक्त माणूस पडला. नुकसानभरपाईच्या कलमात त्याला 'अनुचित घटना' म्हणून जागा आहे, आयुक्तांच्या चौकशीच्या कलमात नाही.

२२ जानेवारी २०२५ ला पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली, माणसांनी खाली उड्या मारल्या आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली डझनभर माणसं सापडली. चौकशीला मध्य विभागाचे सुरक्षा आयुक्त गेले, साक्षी झाल्या. त्याच वर्षी ९ जूनला सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले. चार जण त्याच दिवशी गेले. ती चौकशी मध्य रेल्वेने आपल्याच अधिकाऱ्यांची समिती नेमून केली. लोहमार्ग पोलिसांनी स्वतंत्र तपास करून नोव्हेंबरात रेल्वेच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला, तेव्हा रेल्वे कर्मचाऱ्यांनी आंदोलन केलं आणि ऐन संध्याकाळी लोकल थांबल्या.